नवी क्लासिक ३५०: बुकिंगपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावे

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० दिसायला जुन्या घडणीची असली, तरी सप्टेंबर २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या या गाडीचे ३४९ सीसीचे इंजिन, फ्युएल इंजेक्शन (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि विजेची जोडणी हे सगळे आजचे आहे. नव्या मालकांच्या बहुतेक चुका या विसंगतीतून होतात. घरातले वडीलधारे आणि नाक्यावरचा मिस्त्री जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटचे सल्ले देतात, तर आजवर सव्वाशे सीसीची गाडी चालवलेला मालक १९५ किलोची गाडी त्याच सवयीने हाताळतो. पुढील टप्पे क्लासिक ३५० डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. होंडा सीबी ३५० किंवा जावा घेणाऱ्यांनाही क्रम हाच लागू पडेल, मात्र आकडे आपापल्या मालक-पुस्तिकेतून घ्यावेत.

टप्पा १: उरलेले पैसे भरण्यापूर्वी

सर्वांत महागात पडणारी चूक इंजिन सुरू होण्याच्याही आधी होते. ग्राहक पूर्ण रक्कम भरतो, विक्रेता विमा आणि नोंदणी उरकून टाकतो आणि ग्राहक गाडी पहिल्यांदा नीट पाहतो ती दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या सकाळी, हार घातलेल्या अवस्थेत. गाडी एकदा आपल्या नावावर नोंदली गेली की टाकीवरचा ओरखडा किंवा वाकडा मडगार्ड दाखवून दुसरी गाडी मागता येत नाही. फार तर दुरुस्तीचे आश्वासन मिळते.

म्हणून क्रम असा ठेवावा.

१. बुकिंगची रक्कम भरल्यावर आपल्याला कोणती गाडी दिली जाणार आहे, तिचा चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक लेखी मागून घ्यावा.
२. ती विशिष्ट गाडी गोदामात किंवा शोरूममध्ये जाऊन दिवसाच्या उजेडात तपासावी.
३. तपासणी मनासारखी झाल्यावरच उरलेली रक्कम, विमा आणि नोंदणी यांना होकार द्यावा. पसंतीचा क्रमांक हवा असल्यास तेही याच वेळी सांगावे, कारण नोंदणी झाल्यावर तो मिळत नाही.
४. मुहूर्ताला फक्त किल्ली आणि पेढे घ्यावेत.

बिलातील प्रत्येक रकमेला नाव असले पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर १८ टक्के आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. ३४९ सीसीची गाडी पहिल्या गटात मोडते, हे बिल वाचताना ध्यानात असावे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, पण तो त्याच विक्रेत्याकडून घेण्याची सक्ती नाही. दोन ठिकाणचे दर विचारून पाहावेत. गाडीमालकासाठी १५ लाखांचे अपघात संरक्षण लागते. ते आपल्याकडे दुसऱ्या पॉलिसीतून आधीच असेल, तर तसे सांगितल्यास त्याचे पैसे पुन्हा द्यावे लागत नाहीत. ‘हँडलिंग’ या नावाखाली रक्कम दिसली, तर ती कशाची हे लेखी विचारावे, कारण तो कोणताही सरकारी आकार नव्हे. हा प्रश्न शांतपणे विचारला की ती ओळ पुष्कळदा आपोआप गळून पडते.

टप्पा २: गाडीची प्रत्यक्ष तपासणी

या गाड्या चेन्नईच्या परिसरातील कारखान्यांतून ट्रकवर लादून येतात, त्यामुळे घासण्याच्या खुणा ठरावीक जागी सापडतात: हँडलची टोके, क्लच व ब्रेकचे लिव्हर, सायलेन्सरची बाहेरची बाजू आणि टाकीच्या कडा. तपासणी घाईत होऊ नये म्हणून आधी अंक, मग धातू, मग रबर, मग वीज आणि शेवटी इंजिन, असा क्रम पाळावा.

*अंक.* चौकटीवर कोरलेला चेसिस क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक कागदाशी अक्षर न अक्षर जुळवावा. फॉर्म २२ वर (गाडी रस्त्यायोग्य असल्याच्या कारखान्याच्या प्रमाणपत्रावर) उत्पादनाचा महिना आणि वर्ष दिलेले असते. गाडी सहा-आठ महिन्यांहून जुनी असेल, तर नवी मागावी किंवा किंमत कमी करून घ्यावी. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार अंक असतात. ‘२३२५’ याचा अर्थ २०२५ सालचा तेविसावा आठवडा.

*धातू.* क्रोमवर गंजाचे बारीक ठिपके हेडलाईटच्या कड्याखाली, मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, स्पोकच्या बुडाशी आणि सायलेन्सरच्या सांध्यावर शोधावेत, कारण वरवर पुसून चकचकीत केलेल्या गाडीतही या जागा सुटून जातात. पुढचे चाक हँडलच्या रेषेत सरळ आहे ना, हे समोर चार पावले लांब उभे राहून पाहावे.

*रबर.* टायरना चिरा नाहीत, ब्रेकच्या नळ्या कुठे घासत नाहीत आणि सीटची शिवण सुटलेली नाही, एवढे पाहणे पुरेसे आहे.

*वीज.* किल्ली फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागून गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. एबीएसचा दिवा मात्र उभ्या गाडीत लागलेलाच राहतो आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतो. त्याला बिघाड समजू नये, पण गाडी चालवूनही तो विझला नाही तर पुढची बोलणी तिथेच थांबवावीत. मागचा लाल दिवा पुढच्या ब्रेकने आणि मागच्या ब्रेकने स्वतंत्रपणे लागतो का, तेही पाहावे. ही तपासणी जवळजवळ सगळेच विसरतात.

*इंजिन.* सुरू करण्याआधी इंजिनावर तळहात टेकवावा. ते थंड असले पाहिजे, कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन थंडपणी सुरू होण्यातला दोष लपवते. ऑईलची पातळी इंजिनाच्या उजव्या बाजूच्या काचेच्या खिडकीतून पाहावी; गाडी डबल स्टँडवर सपाट जागी असेल तरच ती खरी दिसते.

> तपासून घ्या: दोन किल्ल्या, मालक-पुस्तिका, टूलकिट, प्रथमोपचार पेटी, बॅटरीचे वॉरंटी कार्ड. यातील एखादी वस्तू ‘उद्या देतो’ असे म्हटले गेले, तर तसे बिलावर लिहून घ्यावे.

> सावधान: पूजेचा हार हँडलवर ठेवून गाडी रस्त्यावर आणू नये. तो ब्रेकच्या लिव्हरमध्ये किंवा पुढच्या चाकात अडकतो. नारळ जमिनीवर फोडावा, चाकावर नव्हे.

टप्पा ३: गाडी आपल्या अंगाला बसवणे

शोरूमच्या दारातच पाच मिनिटे यासाठी द्यावीत. सीटची उंची ८०५ मिलिमीटर आहे, त्यामुळे मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय टेकतात. मात्र वजनाचा अंदाज नसल्यामुळे पहिल्याच आठवड्यात गाडी उभ्याउभ्या कलंडते आणि पहिला पोचा पडतो. हे बहुधा तीन प्रसंगी घडते: हँडल वळवलेले असताना पुढचा ब्रेक दाबल्यावर, उतारावर नाक खाली करून उभी केलेली गाडी मागे ढकलताना आणि डबल स्टँडवर चढवताना.

डबल स्टँड ताकदीने लागत नाही. गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहावे, डावा हात हँडलवर आणि उजवा हात सीटखालच्या पकडीवर ठेवावा, उजव्या पायाने स्टँड खाली दाबून त्याचे दोन्ही पाय जमिनीला एकाच वेळी टेकले आहेत याची खात्री करावी आणि मग अंगाचा सगळा भार त्या पायावर द्यावा. गाडी आपणहून मागे चढते. कंबर वाकवून उचलण्याचा प्रयत्न केल्यास गाडी चढत नाही, पण पाठ धरते.

आरसे, क्लचच्या लिव्हरचा किंचित ढिलेपणा आणि मागच्या ब्रेकच्या पायपट्टीची उंची याच वेळी जुळवून घ्यावी. मागच्या शॉक ॲब्सॉर्बरला कडकपणाचे सहा टप्पे असतात. एकटे चालवताना खालचे टप्पे आणि नेहमी डबलसीट असल्यास वरचे टप्पे वापरावेत. मात्र दोन्ही बाजूंचा टप्पा सारखाच असला पाहिजे. एक बाजू दुसऱ्या टप्प्यावर आणि दुसरी बाजू चौथ्या टप्प्यावर ठेवलेल्या गाड्या सर्रास दिसतात आणि मालक ‘गाडी एका बाजूला ओढते’ म्हणून टायरला दोष देत राहतो.

शोरूममधून बाहेर पडताना टाकीत पेट्रोल जेमतेम असते, तेव्हा पहिला थांबा पंपाचा. टाकी १३ लिटरची आहे, परंतु ती गळ्यापर्यंत भरून घेऊ नये. वरची मोकळी जागा वाफेसाठी असते आणि काठोकाठ भरलेल्या टाकीतील पेट्रोल उन्हात फुगून वाफ शोषणाऱ्या डब्यात उतरते.

टप्पा ४: पहिले ५०० किलोमीटर

या टप्प्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण चुकीचा सल्ला सर्वांत जास्त इथेच मिळतो. ‘पहिले दोन हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही’ हा जुन्या बुलेटचा नियम या इंजिनाला उपयोगाचा नाही, आणि ‘आजच्या गाड्यांना रनिंग-इन (नवे इंजिन सुरुवातीला जपून चालवणे) लागतच नाही’ हे दुसरे टोकही चूक आहे. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसण्यासाठी इंजिनावर मध्यम आणि सतत बदलता भार पडावा लागतो. फार कमी भाराने त्या बसत नाहीत आणि फार जास्त भाराने खरचटतात.

१. *सुरू करताना:* किल्ली फिरवून पेट्रोल पंपाचा बारीक गुणगुणाट थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद वाट पाहावी, मग स्टार्टर दाबावा. थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पिळू नये. थंड इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे हे इंजेक्शन स्वतः ठरवते. जुन्या सवयीने पाच-दहा मिनिटे गाडी उभ्याउभ्या तापवण्याचीही गरज नाही. अर्ध्या-एक मिनिटात निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश जावे.

२. *थ्रॉटल:* अर्ध्याच्या पुढे उघडू नये. या गाडीला इंजिनाचे फेरे दाखवणारे मीटर नाही, त्यामुळे अंदाज हाताच्या पिळीवर आणि कानावर ठेवावा लागतो. साधारणपणे ताशी ६० ते ७० च्या आत राहावे आणि प्रत्येक गिअरसाठी पुस्तिकेत मर्यादा दिली असल्यास ती प्रमाण मानावी.

३. *वेग बदलता ठेवणे:* एकाच वेगाने लांब जाणे टाळावे. म्हणून पुण्याच्या माणसाने नवी गाडी घेऊन सरळ सातारा रस्त्याला लागण्यापेक्षा सासवड-जेजुरीकडचा चढउताराचा रस्ता धरावा. कोल्हापूरकरांना पन्हाळा जवळच आहे. थोडा वेग घ्यावा, थ्रॉटल सोडून इंजिनालाच गाडी रोखू द्यावी आणि पुन्हा वेग घ्यावा. रिंगा बसण्यासाठी हे आवर्तन सर्वांत चांगले.

४. *गिअर:* इंजिनाचे २७ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) मिनिटाला ४००० फेऱ्यांवर मिळते, म्हणजे खालच्या वेगातही ओढ भरपूर जाणवते. तिचा मोह असा की चाळीसच्या वेगाला पाचवा गिअर टाकून ठोका ऐकत जावे. असे रेटताना इंजिन गदगदते, चेनला झटके बसतात आणि बेअरिंगवर नको तो भार येतो. पाचवा गिअर साधारण ५५ च्या पुढेच टाकावा आणि चढाला इंजिन कुंथू लागण्याआधी गिअर उतरवावा. ठोक्याची हौस चौथ्या गिअरमध्येही भागते.

५. *टायर आणि ब्रेक:* नव्या टायरचा पृष्ठभाग निसरडा असतो. पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरमध्ये वळणावर झुकवण्याचा आणि ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक दाबण्याचा प्रसंग येऊ देऊ नये. ब्रेक पॅडही डिस्कवर हळूहळू बसतात. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून पंधरा-वीस वेळा हलकेच ब्रेक दाबून ते बसवून घ्यावेत.

> तपासून घ्या, २५० किलोमीटरच्या सुमारास: ऑईलची खिडकी, चेनचा ढिलेपणा आणि सायलेन्सर व मडगार्डचे बोल्ट. तारांच्या चाकांच्या स्पोकवर पान्याने हलकेच टकटक करावे. सगळ्यांचा आवाज सारखा खणखणीत यावा. एखाद्याचा आवाज बद्द आला, तर तो ढिला आहे.

टप्पा ५: पहिली सर्व्हिस

५०० किलोमीटर किंवा ४५ दिवस, यांपैकी जे आधी होईल तेव्हा पहिली सर्व्हिस करायची असते. दिवसांची अट दुर्लक्षित राहते आणि कमी चालवणारा मालक तीन महिन्यांनी जातो. नव्या इंजिनात रिंगा आणि गिअर बसताना सुटलेले धातूचे बारीक कण ऑईलमध्ये फिरत असतात. म्हणून ही सर्व्हिस पुढे ढकलण्यासारखी नाही.

सर्व्हिस मोफत याचा अर्थ मजुरी मोफत. ऑईल आणि फिल्टरचे पैसे द्यावे लागतात. तक्रारी तोंडी न सांगता जॉब कार्डवर लिहून घ्याव्यात आणि त्याही नेमक्या शब्दांत. ‘आवाज येतो’ याऐवजी ‘तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला डाव्या बाजूने धातूचा आवाज येतो’ असे लिहिले, तर फिटरला शोधायला दिशा मिळते. इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, चेन, क्लच केबल, स्पोक आणि बोल्ट या बाबी कार्डावर असल्याच पाहिजेत.

या इंजिनाला १५डब्ल्यू-५० प्रतीचे अर्धकृत्रिम मोटरसायकल ऑईल लागते. क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे ‘भारी’ म्हणून मोटारीचे ऑईल घालणाऱ्याचा क्लच घसरू लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ हे मानक लिहिलेले पाहून घ्यावे.

गाडी परत घेताना पावती पाहण्याआधी गाडी पाहावी. सर्व्हिसनंतर चेन गरजेपेक्षा ताणलेली, टायरमध्ये हवा जास्त आणि ऑईल खुणेच्या वर, हे तीन दोष नेहमी सापडतात. तिन्ही तिथल्या तिथे, पाच मिनिटांत दुरुस्त होतात. घरी पोहोचल्यावर लक्षात आले की पुन्हा एक रजा खर्ची पडते.

टप्पा ६: चेन आणि चाके

साधारण दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात भिजल्यावर प्रत्येक वेळी, चेनकडे पाहावे लागते. हे काम घरी करण्यासारखे आहे.

१. गाडी नुकतीच फिरवून आणून, चेन कोमट असताना डबल स्टँडवर लावावी. इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा.
२. मागचे चाक हाताने फिरवत चेनचा ढिलेपणा चार-पाच ठिकाणी पाहावा. जिथे चेन सर्वांत ताठ असेल तिथले माप पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळवावे.
३. रॉकेल आणि मऊ ब्रशने मळ काढून चेन फडक्याने कोरडी करावी. पेट्रोल वापरू नये. त्याने चेनच्या कड्यांतील रबरी सील खराब होतात.
४. नव्वद नंबरचे गिअर ऑईल किंवा चेनचा स्प्रे खालच्या पदराच्या आतल्या बाजूने थेंबथेंब सोडत चाक फिरवावे. अर्धा तास थांबून जास्तीचे ऑईल पुसून घ्यावे, अन्यथा ते रिमवर उडते आणि धूळ धरून ठेवते.
५. चेन ताणायची असल्यास एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवावेत, खुणा जुळवाव्यात, नट घट्ट करून माप पुन्हा पाहावे. नट कसताना माप बदलते, म्हणून दुसरे मोजमाप टाळू नये.

> सावधान: इंजिन सुरू ठेवून, गिअरमध्ये फिरणाऱ्या चाकाच्या चेनला फडके लावण्याची पद्धत अनेक गॅरेजांत दिसते. फडके ओढले गेले की बोटेही जातात. चाक नेहमी हातानेच फिरवावे.

ढिली चेन खडखडते म्हणून लक्षात येते. ताठ चेन मात्र आवाज न करता गिअरबॉक्सचे बेअरिंग आणि स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) खाते. थोडी ढिली परवडेल, ताठ नको.

हवा टायर थंड असताना, आठवड्यातून एकदा तपासावी. एकट्यासाठी आणि डबलसीटसाठीचे आकडे पुस्तिकेत वेगवेगळे दिलेले असतात. आता एक फरक, जो गाडी घेतानाच माहीत असायला हवा: तारांच्या चाकांच्या क्लासिकमध्ये ट्यूब असते, मिश्रधातूच्या चाकांना ट्यूबलेस टायर येतात. ट्यूबचे पंक्चर झाले की हवा झपाट्याने जाते आणि तशीच गाडी पुढे रेटली, तर ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटते. पुढचे चाक १९ इंची आणि मागचे १८ इंची आहे. या मापांच्या ट्यूब आडगावच्या पंक्चरवाल्याकडे मिळतीलच असे नाही, म्हणून लांबच्या प्रवासात दोन्ही जवळ ठेवाव्यात. चाक काढलेले असताना ब्रेकचा लिव्हर किंवा पायपट्टी दाबू नये, कारण मध्ये डिस्क नसल्यामुळे पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. चाक बसवल्यावर ब्रेक दोन-चार वेळा दाबून पाहावा आणि निघाल्यावर एबीएसचा दिवा विझला ना, याची खात्री करावी.

टप्पा ७: ब्रेक आणि घाट

अनेक मालक आयुष्यभर मागच्या ब्रेकवर गाडी थांबवतात. वेग कमी होताना वजन पुढे झुकते आणि मागचे चाक हलके होते, त्यामुळे थांबवण्याचे मुख्य काम पुढची ३०० मिलिमीटरची डिस्कच करते. रिकाम्या मैदानात किंवा मोकळ्या रस्त्यावर ताशी ३०, मग ४०, मग ५० वरून दोन्ही ब्रेक एकत्र, आधी हलके आणि मग घट्ट, असा सराव करावा. एबीएस काम करू लागल्यावर लिव्हर बोटांखाली थरथरतो. पहिल्यांदा तो जाणवताच माणूस दचकून ब्रेक सोडतो. नेमके तेव्हाच दाब कायम ठेवायचा असतो. हा सराव वाहतुकीत प्रसंग येण्याआधी झालेला असावा.

घाटात चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा एस.टी.च्या चालकांचा नियम इथेही चालतो. वरंध किंवा आंबोलीसारख्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास तो तापून दुबळा पडतो. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरण्याचा उद्योग तर दुहेरी निरर्थक आहे. गाडी गिअरमध्ये असताना थ्रॉटल बंद केला की इंजेक्शन पेट्रोल जवळजवळ तोडते; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठी ते देतच राहावे लागते. वळणाआधी वेग आणि गिअर दोन्ही उतरवून घ्यावेत, वळणात थ्रॉटल हलका पण स्थिर ठेवावा. गाडी फार झुकवल्यास पाय ठेवण्याचे दांडे रस्त्याला घासतात. तो खरखराट आला, की वेग जास्त आहे असे समजावे.

मार्ग ठरवताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू दुचाकींना बंद आहेत, हे नकाशाच्या ॲपवर दुचाकीचा पर्याय निवडून आधीच पाहावे.

टप्पा ८: जोडसाहित्य

लेगगार्ड पहिल्या दिवशी लावावे, बाकीचे पहिल्या सर्व्हिसनंतर. जादा दिवे किंवा हॉर्न लावताना मूळ वायर कापून पिळलेली जोडणी करू देऊ नये. विजेच्या भागांची वॉरंटी नाकारण्याचे ते पहिले कारण ठरते. सॉकेटला सॉकेट जोडणारी तयार हार्नेस (तारांचा संच) आणि रिले (जादा वीजभार स्विचवर येऊ न देणारा भाग) वापरावा. मागच्या चाकाचे साडीगार्ड ‘लूक’साठी काढणे नियमाविरुद्ध आहे, आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचे भवितव्य पोलीस रोडरोलरखाली ठरवतात, तेव्हा त्यावर पैसे घालवण्यात शहाणपण नाही. हेल्मेट आयएस ४१५१ मानकाचे, चालवणाऱ्यासाठी आणि मागे बसणाऱ्यासाठी, असे दोन घ्यावेत.

टप्पा ९: पहिला पावसाळा

क्रोम आणि तारांची चाके ही या गाडीची शोभा आणि पावसाळ्यातील तिचे दुखणे. जूनच्या आधी स्पोकच्या बुडाशी, सायलेन्सरच्या सांध्यावर आणि स्टँडच्या स्प्रिंगवर गंजरोधक स्प्रेचा पातळ थर द्यावा. डिस्क आणि टायरवर त्याचा थेंबही उडू देऊ नये. कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी, कारण खारी हवा क्रोमखालचा धातू पहिल्याच मोसमात पोखरू लागते.

धुताना इंजिन पूर्ण थंड असावे. जोरदार फवाऱ्याचे तोंड मीटर, हँडलवरचे स्विच, चाकांचे बेअरिंग आणि चेन यांच्यावर धरू नये. धुतल्यावर दहा मिनिटे गाडी फिरवावी. नुसते फडके मारून कव्हर घातलेली गाडी आतून ओलीच राहते. सायलेन्सर गरम असतानाही कव्हर घालू नये.

पावसाळ्यात अनेक गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहतात. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषते. अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी ठेवण्यापेक्षा वरची मोकळी जागा राखून भरलेली टाकी बरी. क्लासिकच्या या पिढीला किक नाही. बॅटरी उतरली तर पेट्रोलचा पंपही चालत नाही, म्हणून ढकलून सुरू करण्याचा भरवसा धरू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ गाडी उभी राहणार असल्यास बॅटरीची ऋण बाजूची वायर आधी काढावी, जोडताना धन बाजू आधी जोडावी. गाडी डबल स्टँडवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवावी.

पुन्हा रस्त्यावर आणण्यापूर्वी क्रम हा: हवा, चेनचे ऑईल, इंजिन ऑईलची पातळी, दोन्ही ब्रेक जागीच दाबून पाहणे आणि मग किल्ली. डिस्कवर तांबूस थर आलेला असल्यास घाबरू नये, पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो निघून जातो. मात्र तेवढ्या वेळेपुरते पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवावे.